धुरपता आत्याची हळद

लातूरच्या एका क्लासमध्ये मी रसायनशास्त्र शिकवते. आम्ल आणि अल्कलीचा धडा आला की हळदीचं पाणी, चुना आणि लिंबू घेऊन उभी राहते. चुन्यानं पिवळं लाल होतं, लिंबानं लाल परत पिवळं. पोरं टाळ्या वाजवतात आणि मला धुरपता आत्या आठवते.

धुरपता आत्या आता नाही. ती होती तेव्हा नांदेडच्या आमच्या गल्लीत कुणाचंही लग्न निघालं की नवरीची हळद तिनंच कालवायची. वाटीत तिळाच्या तेलात हळद खलायची, मग परातीत बेसन आणि साय घालून मळायची. हळदीचा रंग पाण्यात नीट उतरत नाही, तेलात उतरतो. बेसन जास्तीचं तेल ओढून घेतं. सायीनं कातडी मऊ पडते. हे मी पुढे कॉलेजात शिकले. लहानपणी मला फक्त तो वास ठाऊक होता, आणि परात चाटून पुसून तोंडाला फासायची घाई.

तिचे यजमान गेले आणि ती कायमची आमच्याकडे राहायला आली. बोलावणी थांबली नाहीत, पण रीत बदलली. आत्यानं मागच्या खोलीत हळद कालवायची आणि कुणा सवाष्णीनं परात मांडवात न्यायची. हळद चालायची, हात चालायचा नाही. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आत्या मात्र मुकाट्यानं हात धुऊन चहा टाकायची.

म्हणून माझ्या लग्नात मी हट्टच धरला. आत्या मांडवात बसून सगळ्यांदेखत हळद कालवणार आणि पहिला हातही तीच लावणार. ती नको नको म्हणत राहिली. शेवटी ठेवणीतलं लुगडं नेसून आली आणि परातीशी अंग चोरून बसली.

वाटीतली हळद परातीत पडली तेव्हा पिवळीजर्द होती. बेसन आणि साय घालून आत्या मळू लागली, आणि बघता बघता सगळं कुंकवासारखं लाल झालं.

बायकांनी तोंडं फिरवली. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हनून म्हनत होते, तिचा हात नको."

आत्यानं हात पदराखाली घेतला. ती उठायला लागली, तशी मी तिचा खांदा दाबून धरला. राग डोक्यात गेला होता, पण हा रंग माझ्या ओळखीचा होता.

"या परातीत आधी काय केलं होतं?"

"अय्यो!" देगलूरच्या कमलम्मा काकूंनी कपाळावर हात मारला. "सकाळी तुझी दृष्ट काढायला लाल पानी केलते की मी, हळद अन् चुन्याचं! वतून दिलं, पन परात न्हाई धुतली. चुना राहिला असंल तळाला."

मी लिंबू मागवलं, परातीत पिळलं आणि मळायला लागले. लाली ओसरत गेली, पिवळा रंग वर आला. मघाशी तोंड फिरवलेल्या बायका आता वाकून वाकून बघत होत्या.

आत्याचा हात अजून पदराखालीच होता. "झालं न्हवं आता? लाव म्हनावं दुसऱ्या कुनाला तरी," ती हळूच म्हणाली.

मी तो हात ओढून बाहेर काढला आणि उरलेली फोड तिच्या तळव्यावर पिळली. रेघारेघांतली लाली जाऊन हात पिवळा झाला. आत्या त्याच्याकडे बघतच राहिली.

"एवढ्याशा लिंबानं जातंय व्हय गं हे?" ती म्हणाली. "इतकी वर्सं कुनी सांगितलं न्हाई मला."

मी डोळे मिटून गाल पुढे केला. तिनं परातीत बोटं बुडवली आणि पहिली हळद लावली.