केळी जातील तिथे आपण

वॅगन यायला उशीर झाला की किस्से तयार होतात. बोदवड स्टेशनात आमची केळीची वॅगन कधी वेळेवर आलीच नाही, त्यामुळे आमच्याकडे किश्शांना तोटा नाही!

एकदा अशीच वॅगनची वाट पाहता पाहता हिंदुस्थान पाहायचं ठरलं. आबा, त्यांची थोरली बहीण अक्का, शेजारच्या मळ्यातले नाना आणि मी. अक्का उभा जन्म वॅगनीत पानं अंथरून त्यावर घड रचत आली. स्वतः मात्र पाचोऱ्याच्या पुढे गेली नव्हती. पुढची कापणी सुरू व्हायच्या आत निघालो नाही, तर तिची यात्रा या वर्षीही बुडणार होती.

*

मी म्हटलं, "कानपूर?"

नाना उसळले, "ज्या गावात माह्या केयी सडल्या, त्याचं तोंड मी पाहनार नाही!"

कानपूर कटाप.

*

कलकत्त्याला नानांचीच हरकत. "तिथी जाईपर्यंत हिरवी केयी पिवयी होते. मंग आपलं काय होईन?"

आबा म्हणाले, "तुमचं काय होनार, नाना? तुम्ही तं कवाचेच पिकले!"

नाना त्या दिवशी आबांच्या चंचीतली सुपारी न खाता घरी गेले. एवढा राग आम्ही पूर्वी पाहिला नव्हता.

*

मग मी मद्रासचं नाव काढलं. आबांनी विचारलं, "तिथी आपली वॅगन जाते का?"

"नाही."

"मंग ते शहर हाये, हे तुले कोनं सांगतलं?"

*

अशी शहरं खोडता खोडता कापणी तोंडावर आली. अक्काने बांधलेलं गाठोडं स्टेशनात आणून आमच्यासमोर आपटलं.

"आपला सगळ्यात चांगला माल कुठी जातो?"

"दिल्लीले," आबा म्हणाले.

"मंग दिल्लीचं तिकीट काढा. नाही तं मी एकलीच जाते!"

आम्ही मुकाट्याने तिकिटं काढली. मला तर तिचा अभिमानच वाटला.

*

दिल्लीत आम्ही किल्ला पाहिला, उंच मनोरा पाहिला. आबा मान वर करून थकले. अक्का मात्र सारखी विचारत होती, "बाजार कुठी हाये?"

बाजारात एका दुकानात आमच्याकडचा घड टांगलेला दिसला. अक्काने त्याच्याभोवती फेरी मारली, केळी हुंगली, देठ दाबून पाहिला. दुकानदार काही बोलणार, तोच तिने डोळ्यांना पदर लावला.

गावी परतलो, तेव्हा अख्खी गल्ली तिच्या ओट्यावर जमली होती. "अक्का, कशी हाये वं दिल्ली?"

अक्काने पाय पसरले, मोठा श्वास सोडला आणि म्हणाली, "बरी पोचते वं बाई, आपली केयी!"