एक तुका, एक माका

मिठबावातल्या आमच्या घरात चुली दोन आणि मधली भिंत एक. भिंतीपलीकडे माझा चुलतभाऊ, माझ्याहून थोडा मोठा, म्हणून दादा. सामायिक माडांचे नारळ उतरले की आम्ही घरापुढच्या खळ्यात बसून वाटतो: एक तुका, एक माका. आंबे तसेच, फणसही तसेच.

तेव्हा कणकवलीहून मिळून डझनभर मासे आणले, त्यांचीही तीच रीत झाली. थंड पाण्यातले, गरीब स्वभावाचे, बोटाच्या पेराएवढे मासे. अंगावर चंदेरी रेघ, शेपटीला लाली. दुकानात ते सगळे मिळून असे वळत होते, की आम्ही दोघे पन्नाशीचे बाप्ये काचेला नाक लावून उभे राहिलो. घरी येऊन चहाच्या नव्या गाळणीने वाटणी केली. आपापल्या टाक्या, आपापले मासे.

माझे सहा टाकीत शिरले ते झाडामागे जाऊन बसले. ऊन वाढलं तशी मी टाकीभोवती माठासारखं ओलं फडकं गुंडाळलं. पाणी गार झालं, पण पाहुणे काही बाहेर येईनात. मासळीवाली डोकावून म्हणाली, यांचं तिखलं करायचं तर भिंग लावून जेवावं लागेल.

पलीकडून मात्र दादाचं हसू ऐकू यायचं. वर माझी बायको रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन तिकडे. माझी खात्रीच पटली: चांगले मासे त्याच्या वाट्याला गेले, गाळणी त्याच्याच हातात होती. तरी बघायला मी गेलो नाही. आधीच पेटलेल्या माणसाने दुसऱ्याच्या चुलीपाशी जाऊ नये.

एके सकाळी दादाच आला. टाकीकडे न बघताच म्हणाला, "बरे मासे तुझ्या वाटणीक गेले. माझे बघ, रुसलेल्या जावयासारखे कोपऱ्यात बसतत. परत वाटूया."

मला इतका आनंद झाला की तो लपवायला खोकावं लागलं. म्हणजे हाही जळत होता, ते हसू नुसतं मला ऐकवायला.

खळ्यातल्या सावलीत नवा टब ठेवला, दोन्ही टाक्यांतलं पाणी नि मासे त्यात ओतले. दादाने गाळणी उचलली आणि हात तसाच राहिला. बारा मासे क्षणात एक झाले. वळले तर सगळे वळले, थांबले तर सगळे थांबले. कुठला कोणाचा, ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

बायको दारातून बघत होती. म्हणाली, "नारळाची वाटणी करा, आंब्याची करा. ह्यांचा घर कित्याक फोडलास?"

दादाने गाळणी तिच्या हातात दिली.

आता एकच टाकी. ती ठेवायची कुठे, यावर थोडी घासाघीस झाली. पण त्याच्या पडवीत दुपारचं ऊन येतं आणि माझ्या पडवीवर फणसाची सावली. थंड पाण्याच्या माशांपुढे दादाचं काही चाललं नाही. मी जिंकलो.

दादा रोज सकाळ-संध्याकाळ येतो, माझ्या खुर्चीत बसतो. मी काचेला बोट लावलं तर मासे ढुंकून बघत नाहीत. त्याची सावली पडली की सगळे वर येतात. बायको दोन कप चहा आणते. पहिला त्याला देते.