हॉलात आलेली भरती

ओहोटीच्या चिखलाचा वास आला की मला रत्नागिरीतला तो काळोखा हॉल आठवतो. नातीनं नेलंन होतं. "आजी, डोळे मिट. नुसते आवाज येतील, जागा आपली आपण मनात बघायची," बोलली. चारी बाजूच्या कर्ण्यांतून खाडी वाजायला लागली. चिखल बुडबुडला, पाखरं ओरडली. शेजारची बाई पुटपुटली, "किती शांत वाटतंय!" मला दिसला गुडघाभर चिखल नि त्यात वाकून तिसऱ्यांच्या शिंपल्या वेचणाऱ्या आम्ही बायका. जन्म त्यातच गेला. आमची रीत अशी, जिला भरती आधी ऐकू येईल तिनं बाजूचीचा हात धरायचा, टोपल्या टाकून निघायचं. माझी जाऊ एकदा हात सोडवून टोपलीसाठी मागं फिरली, ती पाण्यातच राहिली. हॉलात मागून पाणी चढल्याचा आवाज झाला, तशी मी उठले, त्या बाईचा हात धरला नि ओरडले, "चल गो, टोपली मरूंदे!" लोक हसले. नात बोलली, "आजी, बस खाली, रेकॉर्डिंग आहे ते!" ठावं होतं मला, पण पाय थांबेनात. ती बाई काय हसली नाय. हात न सोडवता माझ्यासंगती बाहेर पायरीपर्यंत आली. आता गुडघे गेलेत, खाडीवर जाववत नाय. पण एक बाई तरी माझ्या हातानं काठाला लागली.