एक 'पा' सुटला तेव्हा

माझे वडील बुनसियोंग एकोणीस वर्षांचे असताना चीनच्या फुजियान किनाऱ्यावरून समुद्रापलीकडच्या आमच्या बेटावर, आर्गाओ गावी आले. दुसऱ्या महायुद्धाच्या चारेक वर्षं आधीची गोष्ट. त्यांच्या काकांची इथल्या बाजारात बेकरी होती. काकांना माणूस हवा होता तो भट्टीसाठी. बोलायला ते एकटे पुरून उरत.

दोन वर्षं वडील मागच्या खोलीत पीठ मळत राहिले. तेवढ्या काळात त्यांना आमच्या सेबुआनो भाषेतले दहा-बारा शब्द आले. पीठ, मीठ, लाकूड, गरम, आणि 'काऑन', म्हणजे खाणे. उरलेल्या सगळ्या शब्दांचं काम ते काऑनकडूनच करून घेत. गिऱ्हाइकापुढे ताजा पाव धरायचा आणि म्हणायचं, काऑन. शिळ्या पावाकडे बोट दाखवून मान हलवायची आणि म्हणायचं, काऑन. भागत होतं.

मग काकांनी शहरात दुसरं दुकान घेतलं, आणि एका सोमवारी सकाळी वडिलांना गल्ल्यावर उभं करून ते बसनं निघून गेले.

बेकरीच्या समोर नांग पासिंग भाजी घेऊन बसायची. नांग म्हणजे ताई. वयानं मोठी असलेली माणसंसुद्धा तिला ताईच म्हणत, इतका तिचा बाजारात वचक. तिनं त्या सकाळी सहज विचारलं, जेवलास का, काय जेवलास. वडिलांनी आठवडाभर घोकलेलं वाक्य बाहेर काढलं: "गिकाऑन को सा इसदा." त्यांना म्हणायचं होतं, मी मासा खाल्ला. म्हणून बसले ते, मला माशानं खाल्लं.

नांग पासिंगनं हातातली वांग्यांची टोपली खाली ठेवली. "असं होय," ती म्हणाली. "मग आत्ता माझ्याशी बोलतोय तो कोण, मासा?"

अख्खी रांग हसली. वडिलांना काही कळेना. तेव्हा शेजारच्या सुकटवालीनं एक वाळका मासा उचलून त्यांच्या दंडाला चावायला लावला आणि डोळे फिरवून दाखवले. मग सगळ्यांच्या मागून वडीलही हसले, आणि एकदा हसायला लागल्यावर त्यांना थांबताच येईना. आई सांगायची की त्या हसण्यामुळेच बाजारानं त्यांना आपलं म्हटलं. रागावले असते तर ते जन्मभर चिनीच राहिले असते.

दुसऱ्या दिवसापासून नांग पासिंगनं शिकवणी सुरू केली. वाक्य नीट आल्याशिवाय भाजी द्यायची नाही, असा तिचा नियम.

"हे बघ पोरा," ती म्हणाली, "जेवणाऱ्याची गोष्ट सांगायची तर पुढे 'नि' लाव. निकाऑन को. मी जेवलो. जे पोटात गेलं त्याची गोष्ट सांगायची तर 'गि'. पोटात कोण गेलं ते आधी ठरव, मग तोंड उघड."

उद्या जेवणार असलास तर 'मो', हेही तिनं सांगितलं. वडील चक्रावले. त्यांच्या बोलीत काल खाल्लं काय, आज खाल्लं काय नि उद्या खायचं काय, शब्द एकच. तसं त्यांनी मोडकंतोडकं सांगितलं, तर नांग पासिंगला ते पटेना.

"मग तुमच्याकडे कळतं कसं, कोण जेवलंय आणि कोण उपाशी आहे ते?"

"बघून," वडील म्हणाले.

आमच्या भाषेत त्यांनी केलेला हा पहिला विनोद. नांग पासिंगनं त्या दिवशी दोन वांगी जास्त घातली.

पिठाच्या रिकाम्या पोत्यांवर ते कोळशानं आपल्या लिपीत हे सगळं उतरवून ठेवत. पाव भट्टीत असेपर्यंत पुटपुटत राहत. पाव घ्यायला रोज येणाऱ्यांत नांग पासिंगची भाची होती, विसितासियोन, घरी बिसिंग. तीच माझी आई. तिला हे पुटपुटणं ऐकू यायचं. सुरुवातीला ती चुका सुधारायला थांबायची. पुढे चुका कमी झाल्या, तरी थांबायची.

वर्षभरानं मागणी घालायची वेळ आली. शहरातून काका आले, नांग पासिंग सोबत गेली. आईचे वडील पोन्सो माडी काढणारे. दिवसाचा अर्धा वेळ माडावर, त्यामुळे जमिनीवर आल्यावर फार बोलत नसत. काकांनी सफाईनं बोलणी सुरू केली. बेकरी कशी चालते, घराणं कसं आहे. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की लग्न काही काकांशी लावायचं नाहीये. मुलगा काय म्हणतो?

मग वडिलांकडे वळून त्यांनी विचारलं, "माझ्या मुलीला सांभाळशील कसा?"

वडिलांनी उत्तर तयार केलं होतं. खायला घालीन, असं म्हणायचं तर आमच्याकडे शब्दाच्या पुढे 'पा' लागतो: पाकानऑन. 'पा' नसला तर उरतं कानऑन, म्हणजे नुसतं खाईन. वडील उठून उभे राहिले, हात जोडल्यासारखे पुढे धरले, आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, "मी तुमच्या मुलीला खाईन."

नांग पासिंगनं कपाळावर हात मारला. काका छताकडे बघू लागले. आजीच्या हातातला कॉफीचा पेला तिथंच थांबला.

आजोबांनी बराच विचार केला. "सगळीच," त्यांनी विचारलं, "का आमच्यासाठी थोडी ठेवशील?"

आणि बांबूच्या तट्ट्यामागून आईचा आवाज आला. "पा."

तिनं एवढंच म्हटलं, पण सगळ्यांनी ऐकलं. मुलीनं अशा वेळी तोंड उघडायचं नसतं, आणि तिनं उघडलं होतं. वडील तट्ट्याकडे वळले. "पाकानऑन," ते म्हणाले. "पा. पाकानऑन. रोज."

आजोबा इतके हसले की त्यांना बाकावर हात टेकावा लागला. मग म्हणाले, बोलणं काय, शिकता येतं. पाव मात्र याचा आत्ताच चांगला आहे. आजीनं कॉफी ओतली. तारीख ठरली.

लग्नानंतरच्या रविवारी आईनं वडिलांना विचारलं की तुमच्यात खाण्याला काय म्हणतात. त्यांनी सांगितलं, चिया. आणि काल खाल्लं तर? चिया. मी तुला खायला घातलं तर? त्यातही चियाच.

"एवढंच?" आई म्हणाली. "भारी आळशी माणसं बाई तुम्ही."

ती तो शब्द एका दुपारी शिकली आणि आम्हा पाचही भावंडांना ताटावर बोलवायला पन्नास वर्षं वापरत राहिली. तिचा सूर चुकीचा होता, आणि वडिलांच्या बोलीत सूर बदलला की अर्थ बदलतो. फुजियानकडचे पाहुणे घरी आले की गालात हसत, आणि वडील त्यांना टेबलाखालून पायानं डिवचून गप्प करत.