हुक्का नसलेल्या गावातलं हुक्कापाणी

नागपूरच्या उन्हाळ्याविषयी मी वाढवून सांगतो, असा माझ्यावर जुना आरोप आहे. मी फक्त एवढंच म्हणतो, की भर दुपारी आमच्या लेआउटमधला डांबरी रस्ता उठून कडुनिंबाच्या सावलीत जाऊन बसतो आणि उन्हं कलली की मुकाट्यानं जागेवर परततो. अशाच एका दुपारी कूलरला नुकत्याच लावलेल्या खसाच्या ओल्या ताट्यांतून पहिला गंध सुटला होता, थंड, मातकट, किंचित देवघरासारखा. त्या गंधात मी सुखानं विरघळत असताना मामांचा फोन आला.

“भाचेबुवा, आपलं हुक्कापानी बंद झालं गा.”

स्वर असा, जणू लॉटरी लागली आहे.

मामा खाप्याच्या पुढे, कन्हानकाठच्या एका लहानशा गावात संत्र्याचा बगीचा राखून आहेत. त्यांच्या सोनलनं नागपूरच्या जरीपटक्यातल्या बौद्ध घरातला मुलगा स्वतः निवडला, मामांनी त्याला हौसेनं जावई करून घेतलं, आणि देवळाच्या पारावर बसणाऱ्या जाणत्यांच्या पोटात दुखू लागलं. कायद्याच्या धाकानं कुणी काही कागदावर आणलं नाही. नानाजींनी, म्हणजे मामांच्या बालमित्रानंच, मान खाली घालून तो शब्द उच्चारला. आणि दुसऱ्या दिवसापासून मामांच्या ओट्यासमोरून जाणारी माणसं आभाळातले ढग न्याहाळत जाऊ लागली. भर उन्हाळ्यात, जेव्हा आभाळात ढग नसतात.

मी तो शब्द जिभेवर घोळवत राहिलो आणि कूलरपुढेही मला घाम फुटला, भीतीनं नव्हे, आनंदानं. शब्द उकलू लागला की मला असंच होतं. तिकडे पुण्याकडचे लोक माणसाला वाळीत टाकतात. हे वाळणं म्हणजे सुकणं नव्हे, वगळणं, वर्ज्य करणं. ते जुनं क्रियापद आता एवढ्या एका कामापुरतं उरलं आहे. आम्ही मात्र हिंदीच्या मांडीवर वाढलेली माणसं. उत्तरेकडच्या कुठल्याशा गावात, पिंपळाखाली, धूसर तांबूस सांजवेळी, एकच हुक्का मध्ये ठेवलेला, त्याची एकच नळी तोंडातून तोंडात फिरणारी, शेजारी पाण्याचा एकच घडा. ज्याचं उष्टं चालतं तो आपला, एवढी साधी समाजाची व्याख्या. मध्य प्रांताच्या वाटेनं तो शब्द आमच्याकडे उतरला, ओसरीवर टेकला आणि घरचाच झाला. गंमत एवढीच, की मामांच्या गावात गाई-वासरं सोडली तर सारी वस्ती सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळते. हुक्का मात्र कुणी जन्मात पाहिलेला नव्हता.

मामांना घोर लागला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. अक्षय तृतीया तोंडावर आली होती. त्या दिवशी घरोघरी गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात आणि गावातल्या कुणाला तरी ‘पित्तर’ म्हणून पानावर बसवतात. त्यानं घागरीतलं पाणी प्यायलं, की ते वरच्या माणसाला पोचतं. मामांच्या वडिलांच्या, बाच्या जागेवर दरवर्षी बसत नानाजीच.

“मले काही नाही गा,” मामा म्हणाले, आणि आवाजातली लॉटरी संपली, “पन बा तहानलेला राहीन.”

सणाच्या सकाळी मी इतवारीच्या बाजारातून घेतलेला पितळी हुक्का घेऊन पोचलो. तो इतका उंच होता, की बसमध्ये कंडक्टरनं आधी त्याला बसायला जागा दिली आणि मग मला विचारलं, मी त्याच्यासोबत आहे का. आम्ही तो ओट्यावर, बाच्या भरलेल्या घागरीशेजारी मांडला. जावईबापूंनी निखारे फुलवले. तंबाखूचा मधाळ, जडसर धूर गल्लीभर पसरला, आणि ढग बघत निघालेल्या माणसांना एकदम जमिनीवरचं दिसू लागलं. बंदी घालणारं अख्खं गाव, आपण घातलेली बंदी दिसते तरी कशी, ते बघायला जमलं. नानाजी सर्वांत मागे होते. कुतूहलानं त्यांना ढकलत पुढे आणलं.

“हे का होय गा?”

“तू बंद केला तोच.”

नानाजींनी त्याला एक प्रदक्षिणा घातली. “चालते का?”

“गावात म्हनते, बंद हाय,” मामा म्हणाले.

नानाजी ओट्यावर चढले, नळी ओठांत धरली आणि छातीच्या तळापासून एक झुरका ओढला. मग जो ठसका लागला, त्यानं कन्हानच्या पलीकडच्या काठावरचे बगळे झाडं सोडून उडाले. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं बगळ्यांना विचारावं. डोळे पांढरे झाले, हात हवेत काही शोधू लागले. सोनलनं हाताशी होती त्या घागरीत, बाच्या घागरीत, तांब्या बुडवला आणि पुढे धरला.

“घ्या, काका.”

नानाजींनी तांब्याकडे पाहिलं. घागरीकडे पाहिलं. मग तिच्याकडे, जिला त्यांनीच कधी खांद्यावर बसवून नदी दाखवली होती. त्यांनी तांब्या घेतला आणि घटाघटा रिकामा केला.

“का पाहून राहिले बे?” ते गर्दीवर खेकसले. “ठसका लागला.” आणि मागे न वळता तरातरा निघून गेले.

मामा घागरीपाशी खाली बसले. “बाले पानी भेटलं,” एवढंच म्हणाले, आणि बराच वेळ धोतराच्या सोग्यानं हुक्क्याचं पितळ पुसत राहिले, जे मुळातच लखलखीत होतं.

मी परत निघालो तेव्हा ऊन बगीच्यापलीकडे उतरत होतं आणि विझत्या निखाऱ्यांना नुकत्याच शिंपलेल्या अंगणाच्या ओल्या मातीचा वास चिकटला होता. मनात एकच गोष्ट फिरत होती: माणसाला तोडायचं ठरलं, तेव्हा भाषेला त्यासाठी निराळा शब्द सापडलाच नाही. तिनं सोबतीचेच दोन शब्द, हुक्का आणि पाणी, उचलले आणि त्यांच्यामागे एक ‘बंद’ लावून दिला, दाराला बाहेरून कडी लावावी तसा. आत मात्र ती दोघं तशीच बसलेली.

ओट्यावर, नानाजींच्या दरवर्षीच्या जागी, एक पान वाढलेलं होतं. सोनल ते उचलायला वाकली, तसे मामा म्हणाले, “राहू दे वं. झाकून ठेव. गार झालं तरी खाते तो.”