यादीत नसलेला नारळ

लगेच हसणार नसाल तर सांगतो. शेवटी हसालच म्हणा, त्याला माझा इलाज न्हाई.

मी तिकडं आखातात, तेलाच्या विहिरीवर सेफ्टीचा माणूस. काम एकच: उंच टॉवरवरून काय खाली पडू द्यायचं न्हाई. पाना न्हाई, बोल्ट न्हाई, पाण्याची बाटलीसुद्धा न्हाई. रोज सकाळी ह्यावर माझं भाषण असतं.

सुट्टीत मोटरसायकलवर सासुरवाडीला, मुरुमला गेलो. तर शेतात बोअरची गाडी उभी, आणि मामा, म्हणजे आमचे सासरे, बरोबर टॉवरखाली!

झालं! माझ्या अंगातच आलं. आधी गाडी बंद करायला लावली.

"मामा, हेल्मेट घाला."

"टोपी हाय की डोस्क्यावर!"

"टोपीनं पाना थांबतो व्हय? डोकं फुटलं तर मामींना काय सांगू मी?"

मामा लई कुरकुरले. पण जावयाचा मान! माझं मोटरसायकलचं हेल्मेट त्यांच्या डोक्यात बसवलं.

मग टॉवर झाडून काढला. दोन पाने, एक तांब्या आणि गाडीवाल्या रशीदभाईंचा जेवणाचा डबा. एकेक वस्तू खाली उतरवली, वहीत यादी केली.

रशीदभाई नळदुर्गचे, शांत माणूस. म्हणाले, "साब, ये डब्बा बरसों से उधरीच लटकता. कब्बी नै गिरा."

"रशीदभाई, पडेपर्यंत कुठलीच वस्तू पडलेली नसते!"

काय वाक्य होतं! मलाच आवडलं.

तेवढ्यात मामी लाल फडक्यात नारळ घेऊन आल्या. "जावईबापू, एवढा वर बांधा. पाण्याला नजर नको लागाय."

मी चढलो. बांधला. खालून रशीदभाईंनी विचारलं, "साब, ये लिस्ट में नै लिखना?"

"अहो, तो देवाचा हाय! देवाला काय यादीत धरायचं?"

गाडी चालू झाली. टॉवर असा थरथरायला लागला की बघायलाच नको. दहा मिनिटं झाली असतील नसतील.

ठक्क!

मामा मटकन खाली बसले. नारळाची दोन भकलं दोन दिशांना. रशीदभाईंनी गाडी बंद केली, मामी पळत आल्या. खोटं कशाला बोलू, मी रडायचाच बाकी होतो. "मामा! अहो मामा!"

मामांनी डोळे उघडले. मिशीवरून ओघळलेलं पाणी जिभेनं चाखलं.

"गोड हाय," म्हणाले.

संध्याकाळी बोअरला पाणी लागलं, चांगलं दोन इंची. पण त्याचं कौतुक गावात कोणाला न्हाई. गावात चर्चा एकच.

हेल्मेट काय मला परत मिळालं न्हाई. आता मी मुरुमला गेलो, की माझी मोटरसायकल दिसल्याबरोबर मामा आत जातात, हेल्मेट घालतात, पट्टा आवळतात आणि मगच दारात येऊन म्हणतात, "या जावईबापू, या. बसा."