मेंदीच्या गाण्यांना नावं परत मिळाली

मंडळी, खराब झालेल्या डिस्कवरची आपल्या बायकांची मेंदीची गाणी बचावली, असं किर्यात गात शहरातल्या दुरुस्तीवाल्याने आज सकाळी सांगितलं. फाइलींची नावं मात्र जाऊन नुसते आकडे उरले होते.

फाइलींमधलं रोमन अक्षरांत लिहिलेलं मराठी माझी लेक रुती स्क्रीनवरून वाचत गेली. अर्थ तिला कळत नव्हता. शब्दांवरून कुठलं गाणं कुठल्या बाईचं, ते मी ओळखत होते.

"हे पेणकर मावशींचं."

"ईमा, त्यांच्या दारावर तर पेलेड आडनाव होतं," ती हिब्रूत म्हणाली.

"ते इथे आल्यावर घेतलेलं हिब्रू आडनाव, दारावर. गाताना पेणकरच. तसंच लिही."

मावशी आता नाहीत. त्यांचं गाणं नावानिशी जागेवर लागलं. नंतर रुती तेच गुणगुणत होती. मला फार अभिमान वाटला.

मंगळवारी रामल्यात भाचीच्या मेंदीला रुतीच या गाण्याची पहिली ओळ म्हणणार आहे. मागून धरायला कोण कोण येताय?